शाकाहारी रुग्णाच्या ताटातील शाक

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णास आहाराविषयी विचारले असता बहुधा एका वाक्यात उत्तर मिळते. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत’ किंवा ‘आम्ही सगळे खातो’. आपण केसपेपरवर तेवढी नोंद करतो आणि औषधयोजनेकडे वळतो. मीही अनेक वर्षे असेच करीत आलो. प्रस्तुत लेखाचे निमित्त म्हणजे या सवयीमुळे माझ्या हातून घडलेल्या दोन चुका. त्यांपैकी एक रुग्णास फारशी बाधली नाही, दुसरी मात्र बाधली.

पहिला रुग्ण सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, प्रमेही, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. ‘भाज्या, फळे, कडधान्ये यांवर भर द्या’ असा आपला नेहमीचा सल्ला मी दिला. गृहस्थ थोडेसे दुखावले. ‘वैद्यराज, आमच्या घरात दुसरे काही शिजतच नाही’, असे ते म्हणाले. रक्तशर्करा काही हलेना, तेव्हा मी त्यांना सलग तीन दिवस जे जे पोटात जाईल ते वहीत लिहून आणण्यास सांगितले. वही पाहिली तर सकाळी चहा-बिस्किटे व पोहे, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी, भात व पातळ वरण, सायंकाळी पुन्हा चहा आणि फरसाण, रात्री खिचडी व पापड. तिसरा दिवस एकादशीचा होता, म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस. तीन दिवसांत हिरवी भाजी एकदाच आली होती आणि तीही ‘तोंडी लावण्यापुरती’. मांसाचा कण नसलेल्या या आहारात शाक जवळजवळ नव्हतेच.

शाकाहार आणि वनस्पतिप्रधान आहार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वहीने मला शिकविले. साखर, मैदा, साबुदाणा, वनस्पती तूप व तळणीचे तेल हे सारे वनस्पतिजन्यच आहे. प्रश्न मांस आहे की नाही एवढाच नसून ताटात धान्याचा पिष्टमय भाग किती आणि शमीधान्य, शाक व फल हे वर्ग किती, असा आहे.

वास्तविक हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी जाणले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहाध्यायात हेतू सांगताना सुखासन व अतिनिद्रा यांबरोबर दही, दूध, नवीन धान्य व गुळाचे विकार यांचा उल्लेख येतो. ग्राम्य, औदक व आनूप प्राण्यांचे मांसरस त्याच यादीत आहेत. म्हणजे यादीतील बरेचसे पदार्थ शाकाहारी माणसाच्या ताटातलेच आहेत. त्याच अध्यायात पथ्य सांगताना यवाला प्रधान स्थान दिले आहे आणि त्यासोबत मुद्गादी यूष, तिक्त शाक, जुने शाली, षष्टिक व तृणधान्ये यांची योजना केली आहे. नवीन तांदूळ जाऊन जव येतो, गूळ जाऊन तिक्त शाक येते. वनस्पती एवढ्याने भागत नाही, कोणती वनस्पती यावर सारे अवलंबून आहे.

आधुनिक संशोधनही अलीकडे याच भेदापाशी आले आहे. हार्वर्ड येथील अंबिका सतीजा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्यकर्मींच्या आहाराचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वनस्पतिप्रधान आहाराचे दोन प्रकार केले. एकात अखंड धान्ये, फळे, भाज्या, कडधान्ये व कवचफळे. दुसऱ्यात गोड पेये, शुभ्र पीठ, बटाटे व मिठाई. पहिल्या प्रकाराचे सर्वाधिक सेवन करणाऱ्यांत हृद्रोगाचे प्रमाण सर्वांत कमी सेवन करणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. दुसऱ्या प्रकारात ते ३२ टक्क्यांनी अधिक होते. माझ्या रुग्णाची वही या दुसऱ्या प्रकारात सहज बसली असती.

आपल्या देशाची स्थितीही ध्यानात घेण्यासारखी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात आहे. त्याच पाहणीतील आहारविषयक भाग २०२५ मध्ये आला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे त्यात दिसते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांसाठी जे ताट सुचविले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, कवचफळे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर अशी विभागणी आहे. भाज्यांचे वजन धान्याहून अधिक आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आपल्यापैकी कितीजणांच्या स्वतःच्या घरी असे ताट वाढले जाते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आणि उत्तर समाधानकारक नव्हते.

लाभांचे स्वरूप

तंतुमय अंशाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात दररोज २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांत हृद्रोग, द्वितीय प्रकारचा मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग व एकूण मृत्यू यांचे प्रमाण कमी तंतू घेणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. जव व ओट या धान्यांतील बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू रक्तातील मेद कमी करतो. दररोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जाईल अशा सेवनाविषयी तसा दावा वेष्टनावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओटसाठी १९९७ मध्ये आणि जवासाठी २००६ मध्ये मान्यता दिली. आपल्या ग्रंथांत यवाला मेद व कफ यांवर हितकर मानले आहे. असे असूनही आपल्याकडील वाण्याच्या दुकानात ओटची पाकिटे दर्शनी भागात असतात आणि जव मागितल्यास ‘पूजेसाठी हवेत का?’ असे विचारले जाते. फार्मसी-चालकांनी स्वच्छ, सालरहित जव व जवाचे सत्तू ठेवले तर वैद्यांची मोठी सोय होईल.

दुसऱ्या बाजूची माहितीही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात ऑक्सफर्ड येथून सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात शाकाहारींमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार मांसाहारींपेक्षा २२ टक्क्यांनी कमी, परंतु पक्षाघात २० टक्क्यांनी अधिक आढळला. त्याच अभ्यासगटात दूधही वर्ज्य करणाऱ्यांत अस्थिभग्नाचे प्रमाण ४३ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०२० मध्ये नोंदले गेले. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यांतून कार्यकारणभाव निश्चित होत नाही. तथापि केवळ अनुकूल आकडे सांगून प्रतिकूल आकडे झाकणे वैद्यास शोभत नाही.

मांसाहाराबद्दल आपल्या संहिता सोवळ्या नाहीत, हेही मान्य करावे. शरीराच्या बृंहणासाठी मांसासारखे अन्य खाद्य नाही असे चरकांचे मत आहे आणि शोष, क्षय यांत मांसरसाची योजना ते निःसंकोचपणे करतात. म्हणून मांसाहारी रुग्णापुढे पथ्याचे रूपांतर धर्मोपदेशात होऊ देऊ नये. मालवणकडील एखाद्या रुग्णास ‘मासे सोडा’ म्हटले की तो पुढील भेटीस येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी मासळीच्या कढीबरोबर वालाचे बिरडे, शेवग्याच्या शेंगा किंवा लाल माठ वाढा आणि भाताचे प्रमाण निम्मे करा, असे सांगितले तर तो ऐकतो. प्रक्रिया केलेले मांस मात्र वेगळे. सॉसेज, सलामी, बेकन यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये मानवात कर्करोगकारक ठरलेल्या गटात घातले आहे. येथे तडजोड करू नये.

संस्कार व संयोग

रुग्णास ‘भाजी खा’ म्हटले की आजकाल तो कच्च्या कोशिंबिरीचा डोंगर किंवा रसाची बाटली यांकडे वळतो. मंदाग्नी व वातप्रधान रुग्णात यामुळे आध्मान, आटोप, मलावष्टंभ उत्पन्न होतो आणि आठ दिवसांत तो ‘मला भाज्या सोसत नाहीत’ असे सांगत परत येतो. दोष भाजीचा नसतो. चरकांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी करण, संयोग व राशी ही तीन आपण विसरलेलो असतो.

शाके शिजवावीत, पिळून त्यांचा रस काढावा आणि भरपूर स्नेह घालून खावीत, असा चरकांचा अनेक पालेभाज्यांविषयीचा निर्देश आहे. आधुनिक आहारतज्ज्ञ यावर नाक मुरडतात, कारण पाणी टाकून दिल्याने फोलेट व क जीवनसत्त्व यांचा नाश होतो. आक्षेप खरा आहे. तथापि पालकासारख्या भाजीतील विद्राव्य ऑक्झलेट याच पाण्यातून निघून जाते, हे अश्मरीच्या रुग्णात महत्त्वाचे ठरते. वृक्कविकारात भाज्यांतील पोटॅशियम कमी करण्यासाठी भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकण्याचा जो सल्ला दिला जातो तोही हाच संस्कार आहे. भाज्यांतील कॅरोटिन हे द्रव्य शोषले जाण्यास स्नेहाची आवश्यकता असते. लसणाच्या फोडणीत परतलेला माठ आणि उकडून नुसता खाल्लेला माठ यांत म्हणूनच फरक पडतो. माझ्या मते हा संस्कार सरसकट सर्वांना लावू नये. निरोगी, दीप्ताग्नी व्यक्तीने कोवळी भाजी थोड्या पाण्यात वाफवून त्या पाण्यासह खावी. अश्मरी, वृक्कविकार आणि दुर्बल ग्रहणी असणाऱ्यांस आचार्यांची पद्धत लावावी.

संयोगाचे उत्तम उदाहरण आपल्या रानभाज्यांत मिळते. ठाणे-पालघरकडे पावसाच्या तोंडाशी शेवळे बाजारात येतात. नुसती शिजविल्यास ती घशास खाजतात. म्हणून भाजीवाली बाई त्यांच्या जुडीसोबत काकडाची आंबट हिरवी फळे देते आणि ती घातल्याशिवाय भाजी करू नका असे बजावते. अळूला चिंच किंवा कोकम लावण्यामागेही हाच अनुभव आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली या भाज्या वर्षाऋतूत येतात, आणि याच ऋतूत अग्नी मंद असतो. म्हणून त्या खाऊ नयेत असे मी म्हणणार नाही; राशी अल्प, शिजविणे पूर्ण, सोबत लसूण, हिंग वा आले, एवढे सांभाळावे. श्रावणात अनेक घरांतून मांस बंद होते. त्या रिकाम्या जागी या भाज्या येण्याऐवजी साबुदाणा व गोडधोड येते, ही खेदाची गोष्ट होय. साबुदाणा तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्या टॅपिओका कंदाचे निव्वळ पिष्ट आहे. बटाटा व भुईमूगही तिकडचेच. आपल्या उपवासाच्या ताटातील निम्मे पदार्थ संहिताकारांनी पाहिलेले नव्हते, तरी आपण तो आहार सनातन समजतो. उपवास करणाऱ्या प्रमेही रुग्णास मी वरईचा भात, भोपळ्याची भाजी, ताक आणि सुरण सुचवितो. त्यातही वरई मोजून.

शमीधान्यांत मूग श्रेष्ठ व माष अवर असे चरकांचे वर्गीकरण आहे, त्यामुळे मंदाग्नी रुग्णात आरंभ मुद्गयूषाने करावा. आठ-दहा दिवस ते पचले की मटकी, मसूर, चवळी अशा क्रमाने वाढवावे. भिजविणे, मोड आणणे व आंबविणे या संस्कारांनी कडधान्यांतील फायटेट कमी होते आणि लोह व जस्त अधिक शोषले जाते. त्यात लिंबू किंवा आवळा असल्यास लोहाचे शोषण आणखी वाढते, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा ते घटवितो. पांडुरोगी स्त्रीला लोहकल्प लिहून देताना ‘जेवणानंतर तासभर चहा नको’ हे वाक्य त्याच चिठ्ठीवर असावे.

न मिळणारे द्रव्य

आता दुसऱ्या चुकीविषयी. तिशीतील एक स्त्री रुग्ण हातापायांस मुंग्या, सुप्तता व थकवा घेऊन आली. चार वर्षांपूर्वी तिने मांस सोडले होते आणि त्यानंतर दूध, दही, तूपही. आहार माझ्या दृष्टीने आदर्श होता. कडधान्ये, भाज्या, फळे, तीळ, नाचणी सर्व काही. मी तिचे कौतुक केले, वातव्याधी म्हणून गुग्गुळकल्प व अभ्यंग दिला आणि चार महिने घालविले. लक्षणे वाढली. शेवटी तिच्या भावाच्या आग्रहाने रक्त तपासले, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व अत्यंत कमी निघाले.

बी-१२ वनस्पतींत नसते. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपणास मुख्यतः दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहारींत कमतरतेचा संभव ४.४ पट होता. पुण्याच्याच माता-बालक अभ्यासात गर्भिणीचे बी-१२ कमी व फोलेट अधिक असता मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा प्रश्न दूध सोडणाऱ्या मूठभरांचा नसून, चहापुरते दूध घेणाऱ्या आपल्या बहुसंख्य शाकाहारी रुग्णांचा आहे. त्यातच प्रमेही रुग्ण मेटफॉर्मिन घेत असेल तर ते औषध बी-१२ चे शोषण आणखी कमी करते. पालेभाज्यांतील किंवा गोळीतील फोलेट रक्ताचे चित्र सुधारते आणि नाडीसंस्थेची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. उशीर झाल्यास ही हानी पूर्णपणे भरून येत नाही.

येथे फार्मसी-चालकांशी स्पष्ट बोलणे भाग आहे. स्पिरुलिनाच्या गोळ्या ‘शाकाहारी बी-१२’ म्हणून आपल्या फळ्यांवरून विकल्या जातात. स्पिरुलिनातील द्रव्य बहुतांशी बी-१२ सदृश असून मानवी शरीरात ते कार्य करीत नाही. तपासणीत आकडा फुगलेला दिसू शकतो, हा धोका वेगळाच. इडली, ढोकळा, कांजी यांच्या आंबण्यातूनही भरवशाचे बी-१२ मिळत नाही. २०२२ मध्ये लागू झालेल्या आयुर्वेद आहार नियमांनुसार त्या वर्गातील उत्पादनात जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले बाहेरून मिसळता येत नाहीत. तेव्हा आयुर्वेद आहाराच्या पाकिटातून ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा ग्राहकास देऊ नये. ज्यास ते हवे त्यास बी-१२ ची गोळी किंवा सुई हवी, आणि ती योग्य अधिकारी व्यावसायिकाकडून वेळेवर मिळावी. यात आपल्या शास्त्राचा काही कमीपणा नाही.

रसांच्या बाटल्यांबाबतही एक सूचना. दुधीचा रस कडू लागल्यास तो घोटभरही पिऊ नये. कडू दुधीतील कुकरबिटासिनमुळे तीव्र वमन, रक्तवमन व मृत्यूही झाल्याची नोंद भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञसमितीच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आहे. ‘कडू ते गुणकारी’ ही आपल्या रुग्णांची समजूत येथे घातक ठरते. रस विकणाऱ्याने प्रत्येक फळाचा तुकडा चाखून पाहावा.

सध्या मी प्रत्येक जीर्ण रुग्णास तीन दिवसांची वही आणावयास सांगतो आणि वहीशिवाय पथ्यपत्रक देत नाही. केवळ शाकाहार करणारे, साठीपुढील आणि मेटफॉर्मिन घेणारे यांची बी-१२ तपासणी आरंभीच करवितो. निवृत्त गृहस्थांच्या ताटात दुपारी जव-ज्वारीची भाकरी, एक वाटी उसळ, दोन वाट्या भाजी आली आहे. रात्रीची खिचडी कायम आहे, पण तिच्यात मूग व तांदूळ समभाग आणि वर भोपळा, शेवगा. त्यांची रक्तशर्करा थोडी उतरली, औषधाची मात्रा अद्याप तीच आहे. एकादशीचा साबुदाणा सोडण्यास मात्र त्यांची पत्नी तयार नाही. त्या स्त्री रुग्णाला सुया सुरू होऊन आता दीड वर्ष झाले. हातांच्या मुंग्या गेल्या, थकवा गेला. दूध तिने पुन्हा घेतले नाही, तो तिचा विचार आहे आणि मी त्याचा आदर करतो. डाव्या पायाची बोटे अजून बधिर आहेत. प्रत्येक भेटीत ती त्यांच्याविषयी विचारते.